इग्वानाची शोकेस

दारव्ह्याचे आमचे शेजारी कापसाच्या प्रश्नावर भाषणं देत. कापसाचा भाव पडत गेला तसे त्यांचे सत्कार वाढले. माईकवर ते छापील मराठी बोलत, घरी पाळलेल्या इग्वानाशी वऱ्हाडी. हा परदेशी सरडा घोरपडीएवढा झाला, तेव्हा त्यांनी दिवाणखान्यातली काचेची शोकेस त्याला दिली. सन्मानचिन्हं पोत्यात गेली; आत बाभळीची फांदी आणि उबेसाठी बल्ब आला.

हिवाळ्यात भारनियमन सुरू झालं. बल्ब विझला की सरडा गारठून निपचित पडे. मग ते शोकेसभोवती सत्काराच्या शाली गुंडाळत. एकदा मदतीला म्हणून मी एक जरीची शाल उचलली.

"ते नोका घेऊ, भाऊ," ते म्हणाले. "मरन ना तो थंडीनं. ते मंत्र्याच्या हातची आहे, तिच्यातून वारा जाते."