प्रशांतच्या वायरी आणि आमची गल्ली

पाणी साठवायला आमच्या गल्लीत टाक्या कमी पडतात. किस्से मात्र आपोआप साठतात, आणि प्रशांतनं आमच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ काढल्यापासून तर नुसते ओसंडून वाहतात!

सुरुवात झाली मंगलपासून. ती समोर राहते. दुष्काळाचे दिवस, मुकुंदवाडी स्टेशनपलीकडं जिथं ज्वारी डुलायची तिथं फ्लॅट झालेले, माणसं वाढली अन् पाणी तेवढंच. आम्ही सगळ्या टँकरची वाट बघत उभ्या. मंगल सांगत होती, "त्या प्रशांतनं वर अशा वायरी टाकल्यात, की खालच्या घरात कुणी कायबी बोललं तरी ते..."

तेवढ्यात टँकर आला! वाक्य तिथंच राहिलं, बायका घागरी घेऊन पळाल्या.

पण अर्ध्या वाक्यानंही काम केलं. आमचे हे आणि मी आठवडाभर कुजबुजत भांडलो.

*

मला काही राहवेना. वाटीभर चटणी घेऊन वर गेले. प्रशांत फरशीवर खडूनं वायरींचा नकाशा काढत बसलेला. पुण्यातली नोकरी सोडून आला होता. बाजूला त्याच्या आई, आक्का, लसूण सोलत होत्या.

"काकू, पूर्वी प्रत्येक माइकला वेगळी जाड वायर लागायची," तो म्हणाला. "आता सगळे आवाज एका बारीक वायरीतून न्यायचे. कम्प्युटरच्या नेटवर्कसारखं."

"एका वायरीत एवढे आवाज? भांडणं नाही होत?"

"होतात ना! म्हणून आधी ठरवायचं, आवाज पुढं, बाकी फायली मागं."

आक्का लसणातून मान वर न करता म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आधी पिण्याचं भरायचं, मग धुण्याचं."

*

मंगल मात्र घाबरली असली तरी फायदा सोडणारी नव्हे. जिन्यात प्रशांतला गाठून म्हणाली, "भाऊ, एवढ्या वायरी हायेत, एक आमच्याकडं सोड की. सिरियल बघायला."

"ताई, यातून फक्त आवाज जातो. चित्र नाही."

"मग आवाजच दे! तसंबी मी भाकरी थापताना ऐकतेच फक्त."

*

एकदा प्रशांत सांगत होता, वायरी जोडलेल्या या सगळ्या पेट्या एकाच मोठ्या पेटीच्या ठेक्यावर चालतात. एक जरी मागंपुढं झाली, तर आवाजात टकटक येते.

"आन् ती मोठी पेटीच बंद पडली तर?" आक्कांनी विचारलं.

"मग दुसरी आपोआप तिची जागा घेते. बाकीच्या तिचं ऐकतात."

"व्हय का? म्हंजी सासू अन् सूनच की!"

झालं! त्या दिवसापासून मोठ्या पेटीचं नाव सासू पडलं आणि दुसरीचं सून. प्रशांतही तेच म्हणायला लागला.

*

आणि मग पहिलं मोठं काम आलं. पुण्याहून एक बाई रेडिओवरच्या श्रुतिकेसाठी आल्या, कोरड्या पडलेल्या गावाची गोष्ट. पहिला भाग नीट झाला तर वर्षभराचे सगळे भाग इथंच. नाही झाला, तर स्टुडिओला कुलूप आणि प्रशांत पुन्हा पुण्याला. आक्का इथं एकट्या. त्यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मी त्यांना सोबत म्हणून गेले होते. (बघायलाही गेले होते, खोटं कशाला बोलू!)

प्रशांतनं बटण दाबलं. सगळं मुकं!

"सासू दिसत नाही! सासू गेली!" तो ओरडला.

पुण्याच्या बाई एकदम उभ्याच राहिल्या. "अरेरे! कधी?"

"आत्ताच! आणि सूनही उभी राहीना!"

शेवटी हातानं चाचपत एक वायर त्यानं धरली. तिची दोन्ही टोकं एकाच पेटीत! आवाज आपला त्या पेटीतल्या पेटीत गरगर फिरतोय, बाकीच्यांना वाटच उरली नाही.

"हे कुणी केलं?"

"मीच," आक्का म्हणाल्या. "केर काढताना लोंबकळत व्हती. रिकामं भोक दिसलं, दिली खोचून. पाव्हणे येणार, घर कसं नीटनेटकं दिसाय पायजे!"

*

एक टोक काढलं आणि सासूबाई परतल्या. रेकॉर्डिंग सुरू झालं, मी गॅलरीत जाऊन बसले. नायिकेचं काम करणारी पोरगी मूळची पाचोडची, टँकरच्या पाण्यावर वाढलेली. विहिरीपाशी रडतानाचे तिचे संवाद ऐकून आक्कांनी पदर डोळ्याला लावला.

आता आमच्या गल्लीचा नियम असा, की टँकर ज्याला आधी दिसेल त्यानं सगळ्यांसाठी ओरडायचं. तो वळणावर दिसला आणि मी ओरडले, "टँकर आला! आक्का, घागरी काढा!"

वाऱ्याचा आवाज धरायला लावलेला माइक गॅलरीतच होता. चालू!

आत पाचोडची पोरगी रडणं अर्धवट सोडून उठली. "बादली कुठंय?"

प्रशांतनं डोक्याला हात लावला. आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला लपायला ती गॅलरी पुरेना. पुण्याच्या बाईंनी तेवढा तुकडा पुन्हा ऐकवायला सांगितला. मग म्हणाल्या, "हे असंच ठेवा. आणि पुढच्या भागांना कधी येऊ?"

*

श्रुतिका लागली त्या दिवशी आम्ही आक्कांच्या घरी जमलो. रेडिओ मोठ्यानं, दार उघडं. विहीर आली, रडणं आलं, आणि पाठोपाठ मी: "टँकर आला! आक्का, घागरी काढा!"

समोर भांडी खणखणली. मंगल दोन कळश्या घेऊन अनवाणी कोपऱ्यापर्यंत पळत गेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, परत आली.

"कुठाय टँकर?"

"रेडिओत," आक्का म्हणाल्या.

मंगलनं कळश्या दारात आदळल्या. "सांगत नव्हते मी? खालच्या घरात कुणी कायबी बोललं तरी ते वर जातंय!"

"कुणीही नाही हो ताई," प्रशांत म्हणाला. "फक्त काकू."