एक नारळ, चार टेक

चहा आधी पिऊन घ्या बाबांनो. मी जे सांगणार आहे, ते ऐकल्यावर तो घशाखाली उतरायचा नाही. लोकांना दुसरे फसवतात. मला मीच फसवलं, आणि तेही कॅमेऱ्यासमोर!

तर झालं काय, जतच्या मेंढपाळांवरची माझी कादंबरी एका निर्मात्यानं सिनेमासाठी घेतली. करार झाला. पाच वर्षांच्या आत शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क माझे मला परत. सुरू झालं तर आणखी पाच वर्षं त्याच्याकडे. मी सांगलीभर पेढे वाटले. आणि मग? मग काय, गडी दर फोनला एकच सांगायचा, "गुरुजी, पटकथेवर काम चालू आहे." एवढ्या वेळात मी महाभारत हातानं उतरवून काढलं असतं!

शेवटच्या वर्षी सुनंदा आली. माझी जुनी विद्यार्थिनी, विट्याची, सिनेमाचं शिकून आलेली. पोरगी दोन महिने माळावर धनगरांच्या तळावर राहिली, त्यांच्यात भाकरी थापल्या, आणि एक दिवस येऊन म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकाचा सिनेमा मी करणार. दुसरं काही करायचंच नाही मला."

मला भरून आलं हो. माझं पुस्तक खरंच कुणीतरी वाचलं होतं!

मगदूम वकिलांनी करार उलटून-पालटून वाचला. "आवं गुरुजी, नऊच दिवस राहिल्यात मुदतीला. हक्क आपसूक परत येत्यात. तुमी फकस्त गप बसायचं आन् कशावरबी सही करायची न्हाई. जमंल न्हवं?"

न जमायला काय झालं? सही नाही म्हणजे नाही! कुरिअरवाला आला तरी मी बायकोला पुढं करायला लागलो.

सातव्या दिवशी निर्मात्याचा मॅनेजर दारात. मी दोन्ही हात पाठीमागं लपवले. पण तो हसून म्हणाला, "गुरुजी, सही-बिही काही नको. नुसती जागा बघायची आहे. तुमच्याशिवाय माळ कोण दाखवणार?"

बायकोनं आत बोलावलं. "आवं, वकीलसाहेब काय म्हणालं हुतं?"

"सही करू नका म्हणाले होते. हे बघ, पेन घरीच ठेवून चाललो!"

आहे की नाही हुशार माणूस?

जतच्या माळावर गेलो तर गाडीतून कॅमेरा निघाला. "नवा आहे," मॅनेजर म्हणाला, "तुमच्या हातचा नारळ फुटला तर बरं." आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं नारळ फोडायला कोण नाही म्हणतं? मी तर शेजाऱ्याच्या पिठाच्या गिरणीलाही फोडलाय. फोडला, एका दणक्यात! एकानं समोर काळी पाटी फटकन वाजवली. मला भारी गंमत वाटली.

"कॅमेरा चालवून बघू जरा. मेंढरांमागं कुणीतरी चाललं पाहिजे."

तिथल्या बिराप्पा धनगराची मेंढरं जवळच चरत होती. सगळे बिराप्पाकडं बघायला लागले. अरे, पण मेंढपाळावर तीनशे पानं लिहिली कुणी? बिराप्पानं? मी त्याचं घोंगडं खांद्यावर टाकलं, पटका गुंडाळला, काठी उचलली आणि निघालो.

"मस्त! झालं," मॅनेजर म्हणाला.

"काय झालं? परत घ्या! असं उरकून माझा सिनेमा करायचा नाही!"

दुसऱ्यांदा बिराप्पा ओरडला, "गुरुजी, काठी उलटी धरलीसा! मेंढरं बुजायला लागल्यात!" तिसऱ्यांदा घोंगडं पायात आलं. चौथ्यांदा मात्र मी असा चाललो, असा चाललो की काय सांगू! शेवटी डोळ्यांवर हात धरून मावळतीकडं बघितलं. ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मुदत संपल्यावर सुनंदाला घेऊन वकिलांकडं गेलो. तिनं नव्या कराराचे कागद आणि साताऱ्याचे कंदी पेढे आणलेले. वकिलांनी पेढ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. लॅपटॉप आमच्याकडं फिरवला. हक्क परत मागणाऱ्या आमच्या नोटिशीला निर्मात्याचं उत्तर आलं होतं. मुदतीच्या आत चित्रीकरण सुरू, शुभारंभ खुद्द लेखकाच्या हस्ते. पडद्यावर काळी पाटी, पाटीवर तारीख, आणि पाटीमागं नारळ घेऊन हसणारा मी!

"पण मी सही केलेली नाही!" मी किंचाळलो.

"सही कशाला पायजे आता?" वकिलांनी कपाळावर हात मारला. "एकच शॉट असता तर नावापुरता घेतला म्हणून भांडलो असतो. हितं चार हायत, गुरुजी! वर तुमच्याच तोंडानं, 'असं उरकून माझा सिनेमा करायचा नाही!' आता कोर्टात मी तोंड उघडू कुठल्या तोंडानं?"

सुनंदानं पेढ्यांचा बॉक्स परत पिशवीत ठेवला. तिचे डोळे भरले होते. आणखी पाच वर्षं! पोरीच्या तोंडचा घास मी माझ्या हातानं काढला होता. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला, देवाशप्पथ.

लॅपटॉप चालूच होता. तिसरा टेक संपला. चौथा लागला. मी मेंढरांमागं निघालो, थांबलो, डोळ्यांवर हात धरून मावळतीकडं बघितलं.

आणि काय बोलावं मी त्या वेळेला?

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "हा एवढा परत एकदा लावा की."