उलटी बसवलेली कॉइल

परीक्षेत नापास होण्यासाठी मी आयुष्यात एकदाच तयारी केली, आणि पहिल्या झटक्यात यश मिळवलं. तीन फेजच्या मोटारीची एक कॉइल मी मुद्दाम उलटी बसवली. बटण दाबलं की मोटार नुसती गुरगुरणार, तापणार आणि फिरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढं ठाऊक असलेली बाई नापास कशी होऊ शकते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. अडतीस वर्षांची होते. डोकं होतं, पण ते पदराखाली झाकून ठेवायची सवय होती.

हे खूळ शिरलं कुठून, ते सांगते.

नवरा वारल्यावर काही वर्षांनी मला निराधाराचा पगार सुरू झाला. कागदावर त्याला अनुदान म्हणतात, आमच्या आष्टी तालुक्यात सगळे पगारच म्हणतात. आणि एकदा सरकारने निराधार म्हणून लिहून घेतलं म्हटल्यावर आपण तसं दिसायलाही पाहिजे, अशी माझी समजूत. बँकेत जायच्या दिवशी मी कपाटातलं सगळ्यात विटकं लुगडं काढायची, कानातलं काढून डब्यात ठेवायची आणि एस.टी.तून उतरले की जरा वाकून चालायची. घरी शाळेत जाणारी पोरगी आणि सासूबाई होत्या. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. त्या ओसरीवरून हे ध्यान बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं, कंबर सरळ कर. घरात माझी एक वाकल्याली हाय, तेवढी पुरं."

पण मी ऐकेन तर ना. मला वाटायचं, कुठल्या तरी खिडकीमागे एक साहेब बसलाय आणि त्याचं दिवसभराचं काम म्हणजे माझ्या कानात रिंगा आहेत का ते बघणं.

अशात तालुक्याला प्रशिक्षण निघालं. ज्यांना सरकारी मदत चालू आहे त्यांनी काहीतरी धंद्याचं शिकावं, आणि शिकताना चूल बंद पडू नये म्हणून दर महिन्याला विद्यावेतन. चांगली गोष्ट होती. या विद्यावेतनाला आजही काही लोक नावं ठेवतात. बसून खायचे पैसे म्हणतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की दिवसभराचं खुरपण सोडून, घरी पोरगी आणि म्हातारी ठेवून, एकदा येऊन बसून दाखवा. खुरपणीचा रोज बुडवून कोणी शिकायला जात नाही. विद्यावेतन नसतं तर मीही गेले नसते, आणि याची मला काडीची लाज वाटत नाही.

मी मोटार दुरुस्ती का निवडली, असं आता कोणी विचारलं की समोरच्याचे डोळे चमकलेले असतात. त्यांना वाटतं, मी काहीतरी ठरवून गेले असेन. तसं काही नव्हतं. शिलाईची बॅच भरली होती. बाकी राहिलं होतं मोटार वाइंडिंग. प्रशिक्षण केंद्रातला कारकून म्हणाला, "मोटारीचं जमंल का?" मी म्हणाले, "विद्यावेतन तेवढंच हाय ना?" झालं, निवड झाली.

पण पहिल्या आठवड्यातच त्या जळक्या मोटारींनी मला धरून ठेवलं. आमच्या भागात बोअर खोल आणि वीज लहरी. मोटार जळणं ही नेहमीची गोष्ट. जळलेली मोटार उघडायची, काळं पडलेलं तांबं उपसून काढायचं, खाचा साफ करायच्या, त्यात जाड कागद घालायचा, नव्या तारेचे मोजून वेढे घेऊन कॉइल करायच्या, एकेक खाचेत बसवायच्या, दोऱ्याने बांधायच्या, वर वार्निश. शिकवणारे सर परळीकडचे होते, निवृत्तीला टेकलेले, खिशात कायम बांबूची पट्टी, कॉइल खाचेत दाबायला. ते म्हणायचे, वेढे चुकले की सगळं चुकलं. आता मोजता मोजता कोणी हाक मारली की आकडा जातो. मी घरून मूठभर चिंचोके नेले. दहा वेढे झाले की एक चिंचोका उजवीकडून डावीकडे. वर्गातली पोरं हसली. सर नाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पिशवीभर चिंचोके आणून टेबलावर ओतले. त्या दिवशी मी घरी जाताना वाकले नाही. एस.टी.त चक्क खिडकीशी ताठ बसून आले.

आत्याबाईंनी तोवर गल्लीत जाहीर करून टाकलं होतं, की आमची सून आता मोटारी जित्या करते.

परीक्षेला चार दिवस राहिले आणि मी तहसीलसमोर लोकांचे अर्ज भरून देणाऱ्या फॉर्मवाल्याकडे गेले. लिंबाखाली टेबल, त्यावर लॅमिनेशनचं यंत्र, आणि जगातल्या प्रत्येक कागदाबद्दल त्याला सगळं ठाऊक. मी हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. बोलता बोलता प्रशिक्षणाचं निघालं. त्याने मान हलवली.

"ताई, सर्टिफिकेट घेऊ नका."

"का?"

"सर्टिफिकेट आलं म्हंजी आधार आला. आधार आला की निराधार कशा राहाल? नाव कटणार."

बस. एवढंच. हे कुठे लिहिलंय, कोणी सांगितलं, काही म्हणून मी विचारलं नाही. त्याच्याकडे लॅमिनेशनचं यंत्र होतं, म्हणजे तो खरंच बोलणार. आज तेव्हाची मी माझ्यासमोर आली तर तिच्या डोक्यात टपली मारून विचारीन, की बाई, कॉइलला वेढे किती ते सरांना चार वेळा विचारतेस आणि स्वतःच्या भाकरीचं एकदा विचारवत नाही?

तर परीक्षा. जिल्ह्याहून परीक्षक आले. मी दोन तास सुंदर काम केलं आणि शेवटची कॉइल उलटी घातली. बटण दाबलं. मोटार गुरगुरली, जशी बसलेली म्हैस उठायला सांगितल्यावर गुरगुरते, आणि जागची हलली नाही. गरम वार्निशचा वास सुटला. परीक्षकांनी बटण बंद केलं आणि कागदावर फुली मारली. सर माझ्याकडे बघत होते. मी चेहरा पाडला. आतून मात्र मला पगार वाचवल्याचा आनंद झाला होता.

घरी येऊन मी चहा ठेवला आणि सांगितलं, "आत्याबाई, नापास झाले."

"नापास झालीस आन् हसतीस कावून?"

मी कारण सांगितलं. त्यांनी चहाची भरली कपबशी तशीच खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी गल्लीत सांगून बसले की गं." तेवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सर स्कूटरवरून आमच्या दारात. पुढे पायाशी पोत्यात गुंडाळलेली माझी मोटार. ओसरीवर ठेवली, झाकण काढलं आणि ती कॉइल बोटाने दाखवली.

"बाई, ही कॉइल चुकून उलटी बसली असती, तर तिची गाठ एवढी सुबक आली नसती. चुकणाऱ्याची गाठ बी चुकतीय."

मला वाटलं ओसरी फाटावी. आत्याबाई आतून म्हणाल्या, "सर, खरं हाय. मुद्दाम केलंय तिनं." सासू अशी असावी.

मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "सर्टिफिकेट घेतलं की पगार जातो, हे लिहिलंय कुठं?"

"माहीत न्हाई."

"मला बी माहीत न्हाई. पर मला माहीत नसताना मी कॉइल उलटी घालत न्हाई. इचारतो." मग त्यांनी कामाचं सांगितलं. फेरपरीक्षा महिन्याभराने आहे, एकदाच. अर्ज करायचा, त्यात नापास होण्याचं कारण द्यायचं. ती संधी गेली की नाव प्रशिक्षणाच्या यादीतून जाणार, आणि पास होणाऱ्याला मिळते ती हत्यारांची पेटीही जाणार. त्या पेटीवर माझं सगळं अवलंबून होतं. प्रमाणपत्र भिंतीला लावता येतं, पण पान्हे आणि मीटर नसेल तर मोटार उघडायची कशाने? पुन्हा खुरपंच.

अर्ज लिहायला मी परत त्याच लिंबाखाली गेले. सवय, दुसरं काय. फॉर्मवाला म्हणाला, "सोपं हाय. आजारपणामुळं लिहू. ताप आल्ता लिहू. दाखला बी बघू."

माझ्यात काय झालं सांगता येत नाही. मी त्याच्या हातातून कोरा कागद ओढून घेतला आणि त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर स्वतः लिहायला बसले. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर वाकडं, पण माझं. लिहिलं की मला ताप नव्हता. मी भीतीपोटी कॉइल मुद्दाम उलटी बसवली. पास झाले तर निराधाराचा पगार बंद होईल असं मला सांगण्यात आलं. हे खरं असेल तर तसं मला लेखी द्यावं. खोटं असेल तर माझी परीक्षा परत घ्यावी. अर्जाच्या दोन प्रती केल्या, एक केंद्राला, एक तहसीलला.

फॉर्मवाला वाचून म्हणाला, "ताई, हे दिलं तर जायचा नसंल तो पगार बी जाईल."

"जाऊ द्या. निदान कशानं गेला ते तरी कळंल."

म्हणाले खरी. मन बदलायच्या आत तहसीलची वाट धरली.

तहसीलच्या खिडकीवर त्या दिवशी निराधारांचीच रांग होती, बहुतेक बायाच. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, वाचला आणि हसून शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा मोठ्याने वाचायला लागले. "मला ताप नव्हता. मी भीतीपोटी..." मागे कुजबुज सुरू झाली. पूर्वीची मी असते तर तिथेच वाकून लहान झाले असते. पण मी वाकायला गेले आणि कंबरच ऐकेना.

मी म्हणाले, "भाऊसाहेब, अजून जरा मोठ्यानं वाचा. मागच्या बायांला ऐकू येत न्हाई."

त्यांचं हसणं थांबलं. अर्ज खाली ठेवला. माझ्या मागे एक म्हातारी होती, हातात पासबुक. तिने खिडकीत मान घातली आणि विचारलं, "म्हंजी साहेब, शिकलं तर पगार जात न्हाई का?"

"जात नाही हो आजी. सर्टिफिकेटवर कसा जाईल? उत्पन्न किती आहे त्यावर ठरतं ते."

"मग हेच लिहून द्या," मी म्हणाले.

"असं लिहून देत नाही आम्ही."

"मग आधी पोच द्या. अर्ज मिळाला म्हणून शिक्का मारा. मी इथंच उभी ऱ्हाते."

मी उभी राहिले. रांगही उभी राहिली, कारण माझ्यामुळे ती पुढे सरकत नव्हती. मजा म्हणजे एकही बाई मला बाजूला हो म्हणाली नाही. ती म्हातारी तर खाली बसून पानाची चंची काढायला लागली. भाऊसाहेबांनी आवकचा शिक्का मारला, असा जोरात, की खालच्या कागदावरही उमटला.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. चार ओळी. केवळ प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाले म्हणून अनुदान बंद होत नाही, उत्पन्न आणि पात्रतेनुसार निर्णय होतो. खाली सही, शिक्का. मी तो कागद घेऊन लिंबाखाली गेले आणि त्याच यंत्रावर लॅमिनेशन करून मागितलं. फॉर्मवाल्याने वाचलं आणि यंत्र गरम करायला लावलं. मी म्हणाले, "एक झेरॉक्स तुमच्या टेबलाला बी चिकटवा. माझ्याकडून." त्याने चिकटवली, हे मान्य केलं पाहिजे. पुढे पुष्कळ दिवस ती तिथे होती, कोपरे मुडपलेली.

तो पगार पुढे काही वर्षांनी थांबला. माझ्याकडे मोटारी यायला लागल्या होत्या, शेजारच्या कडा गावच्या बाजाराकडूनही यायच्या, आणि फॉर्मवर कमाई मीच खरी लिहिली. मी रडले नाही आणि पेढेही वाटले नाहीत. लोकांना अशा गोष्टीत पेढे हवे असतात. जोवर माझ्या हक्काचा होता तोवर मी तो शेवटच्या महिन्यापर्यंत घेतला, कानात रिंगा घालून घेतला.

पण हे पुढचं. केंद्राने माझा अर्ज मंजूर केला, आणि फेरपरीक्षेच्या दिवशी आत्याबाई हट्टाने बरोबर आल्या. केंद्राच्या दारात खुर्ची टाकून बसल्या, जणू परीक्षक त्याच. मी चिंचोके काढले, मोजले, वेढे घेतले. शेवटची कॉइल हातात आली तेव्हा क्षणभर हात थांबला. खोटं नाही सांगत. चार ओळींचा कागद पिशवीत होता, तरी भीती इतक्या लवकर अंगातून जात नाही. मग मी ती सुलटी घातली आणि गाठ मारली. परीक्षकांनी बटण दाबलं. मोटार जरा हुंकारली आणि सुटली, एका लयीत, टेबलावरचे चिंचोके थरथरायला लागले. दारातून आत्याबाईंचा आवाज आला, "झाली का जिती?"

पेटी जड होती. मी आणि आत्याबाई दोन्ही बाजूंनी कडी धरून ती एस.टी.कडे नेत होतो, तेवढ्यात सर मागून स्कूटरवरून आले, थांबले, पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले:

"बाई, पुढच्या बॅचला एक दिवस या. कॉइल सुलटी कशी बसवायची, ते मी शिकवतो. उलटी कावून बसवू न्हाई, ते तुमी सांगा."