पथ्य सुटलं

वॉर्डच्या खिडकीत आज लोणच्याची बरणी दिसली. आहारशास्त्राच्या पदवीसाठी मी इथे शिकायला येते. किडनीच्या आजाराने खंगलेल्या, त्या खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांचं मीठ मीच तोडलं होतं. सकाळी डॉक्टर आजींना म्हणाले, "आता त्यांना आवडेल ते द्या." डॉक्टर असं कधी म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

आजी मात्र खुलल्या आहेत. "ताई, पथ्य सुटलं बघा यांचं! लोणचं चालेल ना?"

काय खाऊ नये, हेच इतकी वर्षं घोकलं. त्या 'नको'त उद्याची केवढी आशा असते, ते कुठल्याच पेपरात आलं नाही.

"चालेल," म्हटलं. आजींनी मऊ भातात लोणच्याचा खार कालवला आणि पेढा द्यावा तसा पहिला घास माझ्या हातावर ठेवला.