दोन सेकंद आधीचा प्रॉम्प्टर

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते; तिच्या नाटकाला हजारो माणसं येतात, पहाटेपर्यंत बसतात आणि जाताना नटनट्यांची नावं सोबत घेऊन जातात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो. त्यात मांडी घालून बसलेल्या माणसाचं नाव मात्र कुणी नेत नाही. मांडीवर वही, हातात वहीपुरता उजेड देणारी छोटी बॅटरी आणि ओठांवर पुढचं वाक्य. तालमी होतात दोन-चार, त्यामुळे सगळं नाटक त्या खड्ड्याच्या भरवशावर उभं असतं. चंद्रपूरकडच्या मूल या गावाजवळच्या एका लहानशा खेड्यातले बापूजी शेंडे त्या खड्ड्यात चौतीस वर्षं बसले.

वाक्य वाचून दाखवणं कुणालाही जमतं. अवघड असतं ते कधी वाचायचं हे कळणं. उशीर झाला तर नट भर उजेडात उघडा पडतो. घाई झाली तर प्रॉम्प्टरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. नटाचा श्वास संपायला अर्धा श्वास उरला की बापूजींचा शब्द त्याच्या कानाशी हजर. त्यांच्या जिवावर कित्येक राजे गादीवर बसले आणि कित्येक नायिका सुखरूप रडल्या.

मागच्या हंगामात मात्र घात झाला. तिसऱ्या अंकात जया, कंपनीची मोठी नटी, नवऱ्याचं पत्र हातात धरून थबकली. जया पॉज घेण्यात पटाईत. बापूजींना वाटलं, बाईंनी पॉज घेतला. अशा वेळी प्रॉम्प्टरने तोंड उघडणं म्हणजे पाप. वाक्यावर बोट ठेवून ते गप्प राहिले. पण जया वाक्य विसरली होती. मंडपात शांतता, मग एक शिट्टी, मग दुसरी. शेवटी बाईच हुशार. ती मटकन खाली बसून अशी रडली की टाळ्या पडल्या. बापूजींना कुणी बोल लावला नाही. फक्त चहा पिताना जया हसत म्हणाली, "बापूजी, आज भर पाण्यात सोडून देल्लं वो मले तुमी!"

ती हसली आणि विसरली. बापूजी विसरले नाहीत. पॉज कुठला आणि विसर कुठला हे ओळखणारा आपला कान गेला, हे त्यांनी मनाशी धरलं.

यंदा दिवाळीला महिना असताना कंपनीचा मॅनेजर दसरू याचा फोन आला. "नवं नाटक हाय भाऊ. येता का नाई, दिवाळीच्या आधीच्या रविवारी सांजेपर्यंत सांगा. नाई तं मले दुसरा माणूस पाहा लागन."

बापूजींनी ट्रंकेतून बॅटरी काढली आणि बायकोच्या, रुखमाबाईच्या, हातात दिली. "ठेवून दे कुठी तरी. आता काई काम नाई हिचं."

रुखमाबाई धान कापायला निघाली होती. विळा एका हातात, बॅटरी दुसऱ्या. "दसरूले नाई म्हणता का?"

"रविवारी सांगतो."

"नाईच म्हणाचं हाय, तं रविवार कायले पाह्यजे?" असं म्हणून ती गेली.

गावात मोबाईलला रेंज नाही म्हटलं तरी चालेल. तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली तेवढ्या सिग्नलच्या दोन कांड्या येतात. तिथे दुपारी तीन पोरी गेम खेळत बसायच्या. बापूजींची नात रंजीता आणि तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणी दिव्यानी आणि रिना. गेम असा: तिघांची एक टोळी, तिघांची दुसरी, मध्ये किल्ला. किल्ल्याला तीन दरवाजे. प्रत्येक दरवाजा ठरलेल्या वेळी चार सेकंद उघडतो. तिन्ही पार करून आतली घंटा जो आधी वाजवेल तो जिंकला. समोरची टोळी नागपूरची असो की नाशिकची, पोरी हरायच्याच. त्यांच्या फोनवर चित्र दोन सेकंद उशिरा यायचं. दरवाजा उघडलेला दिसेपर्यंत तो मिटत आलेला असायचा.

बापूजी वेळ जाईना म्हणून पाळीवर जाऊन बसले. दोन दिवस नुसते बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे तं दररोज एकच नाटक हाय ना गं."

"नाटक नाई आबाजी, गेम हाय."

"पाण्याकडचा दरवाजा पयले उघडला का मंग दगडाचा, मंग लाकडाचा. दगडाचा पयले उघडला तं दुसरा क्रम. तीनच क्रम हायेत. म्या मोजलो. तीन नाटकं, आलटून पालटून."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मंग सांगा ना आमाले," दिव्यानी म्हणाली. "दरवाजा दिसाच्या आधी सांगा. दोन सेकंद आधी!"

दुसऱ्या दिवशी बापूजी कोरी वही घेऊन आले. तीन नाटकं, प्रत्येकाचे सेकंद, कुणी कुठून शिरायचं, सगळं आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. खेळ सुरू झाला. बापूजी कुजबुजले, "रंजीता, आता." रंजीताने न बघता बोट दाबलं. दोन सेकंदांनी दिसलं की ती दरवाजातून आत गेलेली आहे. पाळीवर असा कल्ला झाला की तलावातले बगळे उडाले.

मग चित्र अचानक थांबलं, तेव्हा बापूजीही थांबले.

"आबाजी, बोला ना!"

"पॉज हाय ना."

"पॉज नाई वो, नेट अटकलं!"

तिघी पोट धरून हसल्या. बापूजीही हसले, पण मनाला जरा लागलं. पुन्हा तेच. थांबलं म्हणजे काय झालं, हे आपल्याला ओळखता येत नाही.

रिनाने मात्र त्या दिवशी एक गोष्ट हेरली. "चित्र अटकलं तरी माहा माणूस पुढं गेला होता. म्हंजे आपुन दाबलेलं तिकडं पोचते. आपल्यालेच दिसत नाई."

तीन आठवड्यांत या पोरींनी चंद्रपूरच्या एका मंडळाच्या स्पर्धेत नाव घातलं आणि एकेक टोळी पाडत अंतिम फेरी गाठली. टोळीचं नाव 'पाळवाल्या'. अंतिम सामना नेमका दसरूने सांगितलेल्या रविवारी दुपारी. समोर शहरातली, घरात वायरीचं इंटरनेट असलेली पोरं. सुरू व्हायच्या आधीच त्यांनी लिहून पाठवलं, 'ताई, बैलगाडीवर येऊन राह्यल्या का?'

रिनाने उत्तर टाकलं, 'हो ना. तुमाले घिवून जायले.'

पहिला डाव पोरं जिंकली. दुसऱ्यात बापूजींचा शब्द आणि पोरींची बोटं अशी जुळली की घंटा वाजून गेल्यावर पोरांना कळलं. एक-एक. तिसऱ्या डावावर सगळं.

तिसरा सुरू झाला. पाण्याकडचा दरवाजा उघडला. म्हणजे पहिलं नाटक! पोरी त्यातून आत शिरल्या आणि तिन्ही फोन एकदम गोठले. धावणारी माणसं एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

पोरींनी माना वर केल्या.  बापूजींचं बोट वहीतल्या ओळीवर. तीच शांतता. हातात पत्र घेतलेली जया, आणि खड्ड्यात गप्प बसलेले आपण.  त्यांना वाटलं, चुकीचा शब्द दिला तर? मग लगेच वाटलं, न दिला तर?

आणि चौतीस वर्षं कुजबुजलेला तो गळा मोकळा सुटला.

"खाली पाहा! चित्राकडं पाहा नोका, बोटाकडं पाहा! दिव्यानी, डावीकडं पळ. पळ, पळ... थांब! रंजीता, दगडाचा दरवाजा... आता!"

बोटं पडली. चित्र तसंच गोठलेलं.

"रिना, मांग फिर, ते येतीन तिकडून, अडव त्याईले! दिव्यानी, चार मोज. तीन... दोन... लाकडाचा, आता! रंजीता, सरळ जा. सरळ जा माय. जिना. चढ. हात वर कर... वाजव!"

काय घडतंय ते कुणालाच दिसत नव्हतं. आंधळं नाटक चाललं होतं, आणि बापूजी वहीसुद्धा बघत नव्हते. डोळे मिटून हात हवेत फिरवत होते. खालच्या शेतातल्या बांधीत धान कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून पाळीकडे बघत राहिल्या. रुखमाबाई विळा तसाच हातात घेऊन पाळ चढून वर आली.

मग एका झटक्यात चित्र हललं. घंटा झुलत होती. कुणी वाजवली? पडद्यावर नुसतं चक्र गोल गोल फिरत होतं, नाव काही उमटेना.

"आबाजी, आता काय?" रंजीताचा आवाज चिरकला.

 बापूजींनी फक्त तळवा वर केला. थांबा. हा पॉज होता, आणि या वेळी त्यांना त्याची पक्की खात्री होती.

गोल फिरायचं थांबलं. 'पाळवाल्या'.

पुढचा कल्ला काय सांगावा! दिव्यानी झाडाला मिठी मारून नाचली, रिनाने चप्पल तलावात भिरकावली आणि मग तीच आणायला पाण्यात उतरली, रंजीता आजोबांच्या गळ्यात पडून रडली. समोरच्या पोरांचा निरोप आला, 'ताई, कोणतं नेट वापरता तुमी?'

रंजीताने डोळे पुसत लिहिलं, 'आबाजीचं.'

सगळं निवलं तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. बापूजींनी रंजीताचा फोन मागून दसरूला लावला. दोन कांड्यांवर आवाज तुटत होता, तरी पलीकडे ऐकू जावं म्हणून ते अख्ख्या पाळीला ऐकू येईल असे ओरडले, "दसरू, येतो म्हणतो मी! वही पाठवून दे!"

फोन ठेवून ते रुखमाबाईकडे वळले. "ते बॅटरी कुठी ठेवली गं? नवे सेल आणा लागतीन."

रुखमाबाई पाळ उतरायला लागली होती. मागे न बघता म्हणाली, "कोनाड्यात हाय. सेल म्या काल बजारातून आणून टाकलो."