बुजवलेली भोकं

ब्रह्मपुरीत माझं पंक्चरचं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात कॉलेजातले एक सर रिमोटवर चालणाऱ्या ट्रकची चार जुनी चाकं घेऊन आले. टायर रिमवरून सुटत होते. काढून, साफ करून पुन्हा चिकटवायचे होते.

एवढीशी चाकं हातात घेतानाच धडकी भरली. जुना गोंद सुटावा म्हणून ती स्टोव्हवरच्या गंजातल्या उकळत्या पाण्यात टाकली आणि रबर वितळलं तर, या भीतीनं तिथून हललो नाही. टायर निघाले, तर प्रत्येकात दोन बारीक भोकं. बाभळीच्या काट्याची असणार. आठही भोकांना मी आतून ठिगळं लावली, आतला स्पंज परत बसवला आणि टायर पक्के चिकटवले.

कापणी झालेल्या धानाच्या बांदीत सरांनी ट्रक चालवला. चाक निखळेल म्हणून माझा जीव टांगणीला. धुऱ्याच्या बांधावरून उतरताच ट्रक चेंडूसारखा उडाला आणि उलटला. पुन्हा चालवला, पुन्हा तेच.

सरांनी टायर दाबून पाहिला. "भाऊ, याची भोकं कुठी गेली?"

"बुजवली ना मी."

"काऊन? याच्यात हवा नाई भरत, आत स्पंज असतो. दाबलं का हवा निघाली पाहिजे, म्हणून पाडलेली असतात."

दुकानात येऊन टायर पुन्हा सोडवून पाहिले. चारही टायरांत ठिगळं बरोबर समोरासमोर होती. बाभूळ असं मोजून टोचत नाही, हे मला आधीच दिसायला हवं होतं.

मग दाभण तापवलं. टायरला भोक पाडायची माझी ही पहिलीच वेळ.