बोलायला कोण गेलंय?

दोन हजार सालाच्या आसपास नाशिकला विद्यापीठाची जाहीर व्याख्यानं व्हायची. विषय युद्धं, सीमा, दहशतवाद. लासलगावकडचे एक कांदा उत्पादक काका दर वेळी माझ्या शेजारी बसत. नाव मी कधी विचारलं नाही. वक्ते क्षेपणास्त्रांचे पल्ले सांगत तेव्हा मी भराभर लिहून घ्यायचो, काका टोपी मांडीवर ठेवून स्वस्थ बसत. प्रश्नोत्तरं सुरू झाली की उभे राहत. प्रश्न ठरलेला.

"यात बोलणी करायला कोण गेलंय?"

लोक हसत. मीही हसायचो. उत्तर मिळालं की काका तेवढंच वहीत उतरवत.

एकदा मी कारण विचारलं. "आमच्याकडं लिलाव बंद पडला, की कोण लय चिडलंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. व्यापाऱ्यांशी बोलायला कोण गेलंय, ते बघायचं. त्याच्यामुळंच लिलाव परत सुरू होतो."

शेवटचं व्याख्यान सायबर हल्ल्यांवर होतं. काकांनी विचारल्यावर वक्ते म्हणाले, "इथे हल्ला करणाराच दिसत नाही. बोलणार कोणाशी?"

काकांनी वहीत 'सायबर' लिहिलं आणि खालचं अख्खं पान कोरं सोडलं. मी बघतोय हे पाहून म्हणाले, "निघंल कोणीतरी बोलायला. जागा ठेवली हाय."